नव्वद सेकंदांची शांतता

पडद्यावरच्या बाईने दार लावून घेतलं आणि संगीत थांबलं. संगीतकार सिद्धेश खुर्चीत सरसावून बसला. आता सिनेमाचे शेवटचे नव्वद सेकंद काहीच नव्हतं. संवाद नाही, वाद्य नाही. नवरा गेल्याची बातमी ऐकून घरात एकटी उरलेली बाई, आणि तिच्या खोलीतली शांतता. सगळ्या सिनेमाचं संगीत एकीकडे आणि हे नव्वद सेकंद एकीकडे, असं तो स्वतःच सांगत फिरत होता.

गोमती नगरच्या मॉलमधला तो दुपारचा खास खेळ होता. साल दोन हजार चौदा. थिएटरात दीडशे माणसं, त्यात मुंबईहून आलेला एक बडा निर्माता. सिद्धेशने दहा वर्षं गोव्यात आणि बंगळुरूच्या क्लबांत इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवलं होतं, पुरुषभर उंचीच्या स्पीकरांना पाठ टेकून. सिनेमावाले त्याला हसून धडधडवाला म्हणायचे. हा धडधडवाला गप्पही बसू शकतो, हे आज त्या निर्मात्याला पटलं तर पुढचे सिनेमे मिळणार होते. नाहीतर पुन्हा क्लब. शेजारी त्याची आई पद्मिनीबाई बसली होती, अमीनाबादच्या बाजारातून आणलेली नवी चिकनकारीची साडी नेसून.

या शांततेसाठी तो दिग्दर्शक अभयशी महिनाभर भांडला होता. अभयला तिथे सारंगी हवी होती. कुणी मेलं की लावा सारंगी, हे सिद्धेशला पटेना. शेवटी अभय कंटाळून हो म्हणाला, आता थेट थिएटरातच ऐकेन म्हणाला. पण सिनेमात शांतता कोरी ठेवून चालत नाही, लोकांना वाटतं स्पीकर बंद पडले. तिथे एखाद्या रिकाम्या खोलीचा आवाज लावावा लागतो. सिद्धेशने याच शहरातल्या, तेलीबागच्या घरातली आपलीच खोली निवडली. पंखा बंद केला, आईला कुकर उतरवायला लावला, दारावरच्या सब्जीवाल्या भैयाला पुढच्या गल्लीत पिटाळलं. कॉलेजात असताना घेतलेला जुना सिंथेसायझर तेवढा नेहमीसारखा चालू राहिला. पट्टी दाबल्याशिवाय तो थोडाच बोलतो. नंतर मुंबईहून मिक्सिंगवाल्याने फोन करून विचारलं, शेवटचं आहे तसंच ठेवायचं ना? सिद्धेश म्हणाला, हात लावायचा नाही.

आईचं मात्र त्या खोलीशी कधी जमलं नाही. तिथे सारखी शिट्टी वाजते, असं ती म्हणायची आणि चहा दारातच ठेवून परत जायची. सिद्धेशने कान देऊन ऐकलं. काही नव्हतं. बाबा गेल्यापासून आई एकटी, त्यात साठी उलटलेली. त्याला काळजी वाटायला लागली. रिक्षात बसवून तो तिला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी हेडफोन लावून तपासलं आणि वयाच्या मानाने कान फारच छान आहेत म्हणाले. आलाच आहात तर तुमचेही बघून टाकू, असं ते सिद्धेशला म्हणाले. तो हसला. माझे कान म्हणजे माझं दुकान आहे, ते रोज उघडं असतं, म्हणाला. परतताना त्याने आईला समजावलं, की एकटेपणासुद्धा कधी कधी कानात वाजतो. त्या दिवसापासून तिने शिट्टीचा विषय काढला नाही.

पडद्यावर चाळीस सेकंद झाले होते. पुढच्या रांगेतल्या गृहस्थाने कानात करंगळी फिरवली. एका बाईने पदर तोंडाशी नेला. कुणीतरी माशी झटकावी तशी मान झटकली. सिद्धेश मनातून खूश झाला. लोकांना शांतता सोसत नाही, हेच तर तो अभयला सांगत होता. तेवढ्यात आईने त्याचा हात घट्ट धरला. तिला बाबा आठवले असणार, असं वाटून त्याने तिच्या हातावर थोपटलं.

दिवे लागले. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. अभय गर्दीतून वाट काढत आला आणि त्याने सिद्धेशला मिठीच मारली.

"सिद्धेश भाई, आपने तो हमें भी चकमा दे दिया। बोले सन्नाटा रखूँगा, और डाल दी वो सीटी। इतनी महीन कि कान में चुभती रहे। सारंगी क्या करती उसके आगे।"

अभय थट्टा करतोय असं वाटून सिद्धेश हसला. पण निर्माताही आला होता आणि तोही तेच म्हणत होता. ती शिट्टी डोक्यातून जातच नाही, पुढच्या सिनेमाला मला असंच काहीतरी हवं, उद्या सकाळी भेटा. मागे उभ्या दोन मुली ओठांचा चंबू करून तीच शिट्टी वाजवून बघत होत्या. निर्मात्याला कसंबसं हो म्हणून तो आईकडे वळला.

आईचा चेहरा खुलला होता. इतके दिवस पोटात ठेवलेलं तिने एकदाचं बोलून टाकलं.

"बघ, मी म्हणत नव्हते? तुझ्या खोलीतलीच शिट्टी ती. आता तरी पटलं ना, माझे कान ठीक आहेत ते?"

तो नुसता तिच्या तोंडाकडे बघत राहिला. बघता बघता आईचं हसू उतरलं. तिने वळून पाहिलं. निर्माता अजून जवळच उभा होता. मग ती टाचा उंचावून त्याच्या कानाशी आली आणि दुसऱ्या कुणाला कळणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाली,

"सिद्धू, तुला नाही का रे ऐकू आली?"