वाट पाहण्याची मुदत

“ताई, आमची नोंद पोचायच्या आतच तुमचा सर्व्हर दार लावून घेतो,” डोंगरावरच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर फोनवर म्हणाल्या. “बाळाची लस नोंदीत चढलीच नाही, तर आईला पुढच्या डोसचा निरोप कसा जाणार?”

शाल्मलीने सेटिंगची फाइल उघडली. वाट पाहण्याची मुदत: तीनशे. तिनेच सेकंद समजून लिहिलेला आकडा. सर्व्हर मात्र तो मिलिसेकंदांत मोजत होता आणि पापणी लवते न लवते तोच पाठ फिरवत होता. तिला धुक्यातून घाट उतरणारी, धापा टाकणारी इवलीशी नोंद दिसली.

तिने तीनशेपुढे तीन शून्यं जोडली, शेजारी टीप लिहिली: ‘हे मिलिसेकंद आहेत. लांबून येणाऱ्याला वेळ लागतो.’

बाळाचं नाव पडद्यावर हळूच उमटलं, तेवढ्यात बाबांचा फोन आला. अर्धांगवायूनंतर त्यांना शब्द लवकर सापडत नसत. एरवी तीच घाईघाईने त्यांचं वाक्य पुरं करून फोन ठेवायची.

“तू...”

ती थांबली. खिडकीबाहेर एक ढग सावकाश सरकत राहिला. पलीकडे नुसता श्वास.

“...जेवलीस?”