वेणूकाकीचा माड

वादळाला आठ दिवस झाले, तरी लवूची करवत थांबली नव्हती. ज्या माडांवर चढून त्याने जन्मभर नारळ पाडले, तेच आता लोकांच्या दारांतून कापून बाजूला करत होता.

आज तो वेणूकाकीकडे आला होता. जिच्या मीठमिरचीचं नारळांवर भागायचं, तिचा एकुलता माड अंगणात आडवा झाला होता. चढण्यासाठी बापाने पाडलेल्या खाचांवरून लवू शेंड्याकडे चालत निघाला.

“सांभाळून रे, पडशील,” डोळ्यांवर आडवा हात धरून काकी म्हणाली. तो वर चढला की ती नेहमी हेच म्हणायची.

“आलोच खाली,” त्याच्याही तोंडून सवयीने गेलं.

मग काकीने डोळ्यांवरचा हात खाली घेतला. जमीन जेमतेम गुडघाभर खाली होती, पण लवूला उतरवेना.