तीन शून्यांचा ब्रश

नकाशेवाला आला, आणि तोही दहा मिनिटं आधी.

फोरमनच्या हातातला कप बशीवर जरा जोरात आदळला.

"काय रे, असा काय बघतोस?" छत्री कोपऱ्यात ठेवत नकाशेवाल्यानं विचारलं.

"काही नाही. रात्री झोप लागली नाही." हे मात्र खरं होतं.

रविवारी चष्म्याचं दुकान बंद असायचं. मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारी, हे तिघं महिन्यातून एकदा जमत. विमानं, रणगाडे, जहाजं यांच्या छोट्या प्रतिकृती जोडायचा तिघांना नाद. महिनाभरात ज्यानं जे घेतलं ते टेबलावर मांडायचं, बाकीच्यांनी ते हाताळायचं, नावं ठेवायची आणि मनातून जळायचं, असा रिवाज. तिघांचीही पन्नाशी उलटली होती, पण खोकं उघडताना त्यांना कुणी पाहिलं असतं तर ते पटलं नसतं.

दुकानाचा मालक चष्मेवाला. त्यानं आधी एका बॉम्बर विमानाचं किट काढलं. वरचा प्लास्टिकचा कागदही फाडलेला नव्हता.

"घरी काय सांगितलंस?" नकाशेवाल्यानं विचारलं.

"बायकोला म्हणालो, जुनंच आहे. तुलाच आज दिसलं."

नकाशेवाला पोट धरून हसला. मग त्यानं आपली पिशवी उपडी केली. जहाजांच्या रंगांवरचं एक जाडजूड पुस्तक, जहाजावर उभा करायचा एक बिनरंगाचा इवलासा खलाशी आणि दोन बारीक चिमटे.

"एकसारखे दोन कशाला?"

"एखादा हरवला तर?" असं म्हणून तो घाईघाईनं पुस्तक चाळू लागला.

फोरमननं ते टिपलं. गेले चार गुरुवार तो असंच सगळं टिपत होता. बायको बहिणीकडे जाते सांगून बाहेर पडायची, आणि नेमकी तीच बहीण घरी फोन करून तिची चौकशी करायची. परत आली की तिच्या केसांना थिनरचा वास. एकदा नखाच्या कडेला हिरवा ठिपका. फोरमनच्या मॉडेलांच्या खोलीत तर तिनं कित्येक वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. गेल्या गुरुवारी तो तिच्या मागोमाग गेला. तासाभरानं ती नकाशेवाल्याच्या जिन्यावरून हसत उतरली. नकाशेवाल्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात तो एकटाच.

फोरमननं घरी चकार शब्द काढला नाही. आतून मात्र तो जळत होता. आज निघतानाही ती म्हणाली होती, "अहो, घाई करू नका. सावकाश या." तेसुद्धा त्याला झोंबलं.

धातूंना मुलामा देणाऱ्या कारखान्यात तो कामाला होता. कुलपात ठेवायच्या बाटल्यांची किल्ली त्याच्याच खिशात असायची. आणि नकाशेवाल्याची एक खोड तिघांनाही ठाऊक होती. बारीक काम करताना ब्रशला टोक यावं म्हणून तो ब्रश ओठांत धरायचा. आयुष्यभर सरकारी कचेरीत नकाशे काढताना लागलेली सवय.

काल दुपारी फोरमन त्याला एक नवा ब्रश देऊन आला होता. तीन शून्यांचा, सगळ्यांत बारीक. त्याच्या केसांत काय मुरवून वाळवलंय, ते एकट्या फोरमनला माहीत होतं.

"आज रात्रीच वापरतो," नकाशेवाला म्हणाला होता.

आणि आता तो समोर बसून बिस्किट खात होता.

चष्मेवाल्यानं शेवटी आपलं नवं हत्यार टेबलाला अडकवलं. भिंग बसवलेला दिवा. "बोलण्यात काय आहे? तुझ्या त्या खलाशाचा चेहरा रंगवून दाखव. भिंगातून नीट दिसतोय का बघू."

नकाशेवाल्यानं ब्रशांची गुंडाळी सोडली, एक ब्रश उपसला आणि सवयीनं ओठांत धरला.

फोरमन खुर्चीतून अर्धा उठला. ओरडावं की गप्प बसावं, त्याला कळेना. तीस वर्षांची दोस्ती होती. तो गप्प बसला.

मिनिट गेलं, दोन गेली. खलाशाच्या भुवया उमटल्या. नकाशेवाला मजेत शीळ घालत होता. फोरमननं ब्रशाच्या दांड्याकडे पाहिलं. चावून चावून रंग उडालेला, जुनाच दांडा.

"फोरमननं दिलेला नवा कुठाय रे?" चष्मेवाल्यानं विचारलं. "काल फोनवर तर नाचत होतास."

नकाशेवाला ओशाळला. "तो नाहीये माझ्याकडे."

"मग कुठाय?" फोरमनला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

"चिडू नकोस. मंगळवारपर्यंत तोंड उघडायचं नाही अशी शपथ घातलीय वहिनींनी, पण तुझा गैरसमज नको. मंगळवारी तुमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत ना? त्या तुझ्यासाठी विमान बनवतायत. चार गुरुवार माझ्याकडे शिकायला येतायत. म्हणाल्या, हे त्या खोलीत शिरले की दिवसदिवस बोलत नाहीत, मलाही आत शेजारी बसायचंय. वैमानिकाचा चेहरा तेवढा राहिला होता. काल संध्याकाळी विमान घरी न्यायला आल्या, तेव्हा तुझा ब्रश त्यांनाच देऊन टाकला. तू इकडे आलास की लगेच रंगवायला बसणार होत्या. हात छान आहे हं त्यांचा! फक्त ब्रश ओठांत धरायची माझी खोड तेवढी उचललीय."