डावीकडचा आकडा

दुकानात आलेल्या बाईंनी डावा हात मानेमागे नेला आणि गळ्यातल्या हाराचा आकडा बोलता बोलता सोडवला. आरसा नाही, चाचपडणं नाही. समोर कामाला बसलेली कारागिराची लेक हातातली कानस तशीच धरून बघत राहिली.

कारण तो आकडा डावीकडे होता.

साऱ्या जगाच्या हारांचा आकडा उजव्या हाताशी येतो आणि कडी डाव्या. बाबा दुकानासाठी घडवत ते हारही तसेच असत. फक्त आईच्या हारांना ते आकडा डावीकडे लावत. वर्षअखेरची सुट्टी लागली की पहिल्या संध्याकाळी ते स्वतः घडवलेला चांदीचा हार आईसाठी घरी आणत. लग्नानंतर पहिल्या पहिल्यांदा आई म्हणे आरशासमोर रडकुंडीला यायची. "अहो, उलटा लावलात की," म्हणायची. बाबा म्हणायचे, "माझ्या बायकोचा हार हजारांत ओळखू आला पाहिजे." झालं, आई विरघळली. तिने आपल्या डाव्या हाताला वळण लावलं. बोटं दुखली, हार हातातून पडले, पण हट्टाने लावलं. त्या उलट्या आकड्याचं तिला इतकं कौतुक, की शेजारणींना मान वाकवून दाखवायची. लेकीलाही वाटायचं, प्रेम करावं तर असं, नाहीतर करूच नये.

आणि आता तोच आकडा या परक्या बाईंच्या हातात होता.

"पदकाची कडी निसटलीये," बाई म्हणाल्या आणि आत डोकावल्या. "आहे का तो?"

बाबांना दुकानात कुणी अरेतुरे करत नसे.

"बाहेर गेलेत. मी देते लावून."

"दे बाई. सुट्टीचा हार आहे, परवाच दिलाय. दर वर्षी न चुकता देतो."

लेकीने हार उचलला. पदकावर एक निमुळतं पान होतं, देठाशी जरासं वळलेलं. हुबेहूब असंच पान बाबांनी सकाळी मखमली डबीत ठेवलं होतं. आईसाठी.

"आकडा डावीकडे आहे," ती कशीबशी म्हणाली.

"असणारच. मी डावखुरी ना." बाई हसल्या. "त्याचं लग्न व्हायच्या आधीपासून माझे हार असेच करतो. तू नवीन दिसतेस इथे?"

"हो," ती म्हणाली. दुसरं काय सांगणार, कपाळ?

तिने कडी जोडून दिली. बाईंनी हार तिथेच गळ्यात घातला, डाव्या हाताने आकडा अडकवला आणि खुशीत निघून गेल्या.

बाबा परतले तेव्हा तिने आईची डबी उघडून त्यांच्यासमोर ठेवली.

"बाबा, आई डावखुरी नाहीये."

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. कोण आलं होतं, काय बोललं, त्यांनी काही विचारलं नाही. निदान वेड पांघरून पेडगावला गेले असते, तरी तिला बरं वाटलं असतं. ते खाली बघत म्हणाले, "हाताला ते वळण आधीच पडलं होतं गं. पण तुझ्या आईला मी कधी काही कमी केलं नाही."

केसाने गळा कापायचा आणि वर म्हणायचं, काही कमी केलं नाही. घडवताना माणूस डोळ्यांसमोर ठेवावा, मग हात आपोआप चालतो, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. आईचा हार घडवताना त्यांच्या डोळ्यांसमोर कोण असायचं, ते आता विचारायची गरजच उरली नव्हती.

आईला सांगावं? कुठल्या तोंडाने सांगावं? कपाटातला एकेक हार तिला डसला असता. निदान एक हार तरी आईचा, फक्त तिच्यासाठी केलेला असावा, एवढंच लेकीच्या मनाने घेतलं. तिने पक्कड उचलली. डबीतल्या हाराचा आकडा तोडला, कडी तोडली, आणि दोघांच्या जागा बदलून नव्याने सांधा दिला. आकडा उजवीकडे. आईच्या उजव्या हाताशी. करताना ती डोळ्यांसमोर आईला घट्ट धरून बसली होती.

संध्याकाळी आई केस वर बांधून, मान मोकळी करून वाट बघत होती. डबी बाबांनीच द्यायची असते, पण त्यांचा हात पुढे होईना. शेवटी लेकीने दिली. आईने पानावरून बोट फिरवलं.

"यंदा काय सुरेख हात बसलाय हो तुमचा," ती बाबांना म्हणाली. मग तिने दोन्ही हात मानेमागे नेले.

डाव्या हाताची बोटं आकडा शोधत राहिली. तिथे नुसती कडी होती. तिने पुन्हा चाचपून पाहिलं. हार घसरला, तिने तो छातीशी सावरून धरला.

"आई, उजव्या हाताने बघ ना," लेक म्हणाली. तिचा जीव टांगणीला लागला होता. "तुला सोपं जाईल."

आईने हार पुढे घेतला. आकडा निरखला. मग ती मोकळेपणी हसली आणि हार डबीत घालून डबी बाबांच्या हातात परत दिली.

"अहो, हा माझा नाही. दुसऱ्याच कुणा बाईचा घरी घेऊन आलात."