अर्ध्या किलोच्या आत

मथुराबाईनं झबल्याची बटणं कात्रीनं उडवली आणि त्यांच्या जागी नाड्या लावल्या. नाडीला वजन नसतं. बाळाची उशी खरं तर राईची हवी, पण राई जड, म्हणून घरच्या कापसातली सरकी काढून तिनं तोच भरला. एक टोपडं, मागच्यासारखाच आणखी एक चिंध्यांचा पोपट आणि लेकीसाठी मूठभर फुलवाती. हे सगळं अर्ध्या किलोच्या आत बसायला हवं होतं. त्याच्या वर गेलं की पोस्टाचा पुढचा दर लागतो, आणि नवऱ्याला न विचारता खर्च करता येतील असे तिच्याकडे फक्त अंडी विकून आलेले पैसे होते.

नवऱ्याला विचारायची सोयच नव्हती. लेकीनं, सलोनीनं, परजातीच्या पोराशी कोर्टात लग्न केलं आणि नाशिकला संसार थाटला, त्या दिवसापासून नागोरावनं तिचं नाव घरात घेऊ दिलं नव्हतं. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी घेऊन मिरवतात, तसा एक त्यानं सलोनीच्या लहानपणी स्वतः कोरला होता. तिचं लग्न कळलं त्या संध्याकाळी त्यानं तो फडताळातून काढला आणि चुलीत घातला. पुढं नातू झाला, त्याचं नाव आयुष ठेवलं, तरी माणूस हललं नाही.

तेव्हापासून मथुराबाई चोरून पुडकी धाडत होती. मांजरपाटाच्या पिशवीत सगळं दाबून भरायचं, तोंड शिवायचं, बाबुलालच्या किराणा दुकानात तोलून घ्यायचं आणि रात्रभर ज्वारीच्या कोठीत दडवायचं. सकाळी शेजारची नलू आर्णीला कपड्याच्या दुकानात कामाला निघाली, की तिच्या स्कूटीच्या डिकीत. लेक तोडली असं नवऱ्यानं म्हटलं म्हणून आईनं तोडायची असते थोडीच. पण कळलं तर हेही बंद होईल, या धास्तीनं तिचा जीव टांगणीला असे.

एवढं करून मागच्या दोन्ही खेपांना नलूनं येऊन तेच सांगितलं.

"काकू, वजन वरतं भरलं. जास्तीचे पैसे म्या टाकले."

"बाबुलालच्या काट्यावर तं बरोबर होतं वं."

"मले काय माहीत? पोस्टाच्या काट्यावर वरतं भरलं."

मथुराबाईनं पैसे दिले, पण मनात खुटखुट राहिली. काटा खोटा म्हणावं तर बाबुलाल चोख माणूस. मग नलू? लहानपणापासून डोळ्यासमोर वाढलेली पोर. तिच्यावर संशय घेताना मथुराबाईला स्वतःचीच लाज वाटली, आणि संशय तरी काही जाईना.

नलूच्या फोनवरून सलोनीशी बोलणं होई. मागच्या वेळी सलोनी म्हणाली, "आई, सगळं पोचलं. आयुष तं खेळणं झोपतानीबी सोडत नाही." मथुराबाईला चिंध्यांच्या पोपटाचा अभिमान वाटला. मग सलोनीनं हळूच विचारलं, "बाबा काही बोलले का?"

"काय बोलतीन? दगड हाय तो."

सलोनी नुसतं "बरं" म्हणाली.

पोळा पंधरवड्यावर आला होता. नागोराव अंगणात बाभळीच्या सावलीत बसून सागवानाचा तुकडा तासत होता.

"काय करून राह्यले?"

"खुरप्याची मूठ."

आठवडा झाला तरी त्याची मूठच चालली होती आणि खुरपं तसंच बोडकं पडलं होतं. म्हातारपणी माणसाचा हात चालत नाही, असं मथुराबाईला वाटलं. त्याच्याजवळ दाभणही पडलेलं होतं. एकेकाळी कापसाची बोंदरी-पोती शिवावी तर नागोरावनंच; त्याची दुहेरी गाठ दातानंही सुटत नसे.

या खेपेला तिनं नलूकडे पुडकं दिलं नाही. सकाळी ते कोठीतून काढलं, पदराखाली धरलं, बाजाराचं निमित्त सांगितलं आणि स्वतःच बसनं आर्णीला गेली.

पोस्टातल्या बाईनं पुडकं काट्यावर ठेवलं. "मावशी, अर्ध्या किलोच्या वर जाऊन राह्यलं. पैसे वाढतीन."

नलू खरं बोलली होती. मथुराबाईला हायसं वाटलं आणि तेवढंच वाईटही. पोरीवर उगाच शंका घेतली. पण जवळ बसभाड्यापुरतेच पैसे उरले होते.

"एखादी वस्तू कमी करता का?" बाईनं कात्री पुढं सरकवली.

मथुराबाईनं पुडकं हातात घेतलं. शिवणीच्या टोकाची गाठ दिसली आणि तिचा हात थबकला. ती गाठ दुहेरी होती, सुटण्यातली नव्हती. तिनं ती कात्रीनं कापली, आत हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"मावशी, बरं नाही वाटत का?"

"बरं हाय." तिनं डोळे पुसले. मग झबलं बाहेर काढून आपल्या थैलीत टाकलं, बाईकडून सुई मागून घेतली आणि तोंड पुन्हा शिवलं. काटा अर्ध्या किलोच्या आत आला.

घरी पोचली तेव्हा नागोराव अंगणातच होता. समोर लाकडाचा नवा तुकडा होता.

"बाजारातून काय आणलं वं?" त्यानं मान वर न करता विचारलं.

मथुराबाईनं थैलीतून झबलं काढलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याचा तासणारा हात थांबला.

"पुढचा नंदी जरा हलका कोरा," ती म्हणाली. "तुमच्यापायी माहं झबलं मांगं राह्यलं."