नव्या मशीनचा गोडवा

नॅशव्हिलच्या ऑर्विलने स्टुडिओत नवा कॉम्प्युटर आणला, पण माइकचा आवाज आत घेणाऱ्या त्याच्या वीस वर्षं जुन्या इंटरफेसला तो ओळखच दाखवीना. अडॅप्टरला अडॅप्टर जोडत ऑर्विलने शेपूट पार दारापर्यंत नेलं, तरी ढिम्म.

"काका, गुरुवारी नव्या मशीनवर रेकॉर्डिंग झालं नाही, तर माझा अख्खा अल्बम समोरच्या स्टुडिओत," गायिका डार्लीनने बजावलं.

"अगं, याहून हट्टी खेचरं वळवलीत मी!"

गुरुवारी ती गायली, आपलं गाणं ऐकून हरखली. "बघा! जुन्या खटाऱ्यात हा गोडवा होता का?"

"छे, नावच नको!" म्हणत ऑर्विलने टेबलाखाली धापा टाकणारा जुना कॉम्प्युटर पायाने हळूच आणखी आत सरकवला.