गोळ्यांची डबी

लेकीच्या शरीरात कुणा परक्याच्या स्वादुपिंडातल्या पेशी सोडल्या, आणि लहानपणापासून मागे लागलेलं इन्सुलिन एकदाचं सुटलं. पण सोबत सुरू झालेल्या गोळ्यांनी पोर सर्दी-खोकल्याने बेजार झाली, तोंड येऊन घास गिळवेना. आईचा जीव तीळतीळ तुटायचा. साखरेने लेकीची नजर कधीच अधू केली होती, म्हणून आठवड्याच्या गोळ्यांची डबी आईच भरायची. एकदा तिने खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद वाचला: या गोळीने रोगप्रतिकारशक्ती कमी होते. "म्हणजे दुखणं इथंच आहे तर," असं पुटपुटत तिने ती पांढरी गोळी काढली आणि तिच्या जागी तशीच दिसणारी ताकदीची गोळी ठेवली.

दोन महिन्यांत सर्दी पळाली. लेक पोटभर जेवू लागली. डॉक्टरांना जमलं नाही ते आपण करून दाखवलं, असं आईला मनोमन वाटलं.

मग साखर चारशेवर गेली.

"शरीराने परक्या पेशी ओळखल्या आणि मारून टाकल्या," डॉक्टर म्हणाले. "तसं होऊ नये म्हणूनच ती पांढरी गोळी होती. रक्तात तिचा मागमूस नाही."

"पुन्हा मिळतील ना पेशी?" लेकीने कसंबसं विचारलं.

"गोळ्या चुकवणाऱ्याचं नाव प्रतीक्षायादीत पुन्हा घेत नाहीत."

लेक रडत आईच्या दिशेने वळली.

"आई, तू सांग ना यांना. डबी तूच भरतेस. एक तरी गोळी चुकवलीय का मी?"